अन्नपूर्णेखालची चकती

संग्रहालयाचं पत्र मंगळवारी, १३ मार्च २००७ रोजी आलं. शशिकांत टिपणीस यांनी ते दारातच उभ्याने वाचलं, मग चष्मा पुसून, खुर्चीत बसून पुन्हा वाचलं.

पत्रात दोन परिच्छेद होते. पहिल्यात आभार. दुसऱ्यात असं की, आपण तपासायला आणलेली जेडची चकती प्राचीन चिनी नसून विसाव्या शतकातली नक्कल असावी. पृष्ठभाग गुळगुळीत आहे, जमिनीत पुरल्याची एकही खूण नाही, आणि नक्षीच्या खोबणीत अलीकडचा लाल रंग आहे. चीनमधल्या जुन्या थडग्यांतल्या वस्तूंना हिंगूळ लागलेला असतो. तसा भास व्हावा म्हणून नकला करणारे असा रंग भरतात.

"कुंकू आहे ते," टिपणीस मोठ्याने म्हणाले.

ऐकायला घरात कोणी नव्हतं. मधुमतीबाई भाजी आणायला गेल्या होत्या.

टिपणीस सत्तर वर्षांचे होते. कॉव्हेंट्रीच्या एका यंत्रांच्या कारखान्यात ते एकतीस वर्षं तपासनीस होते. तयार झालेला सुटा भाग त्यांच्या टेबलावर यायचा, ते तो मोजायचे आणि हिरवी किंवा लाल चिठ्ठी बांधायचे. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे भंगार. पिवळी चिठ्ठीही असे, 'निर्णय बाकी' अशी. ती बांधणाऱ्यांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. एकतीस वर्षांत त्यांनी पास केलेला एकही भाग गिऱ्हाइकाकडून परत आला नव्हता. निरोपसमारंभात मॅनेजरने हे वाक्य भाषणात घेतलं होतं आणि टिपणिसांनी ते भाषण जपून ठेवलं होतं.

चकती त्यांनी १९७२ च्या जूनमध्ये चर्चच्या जुन्या सामानाच्या बाजारात घेतली. चीनमध्ये नोकरी करून आलेली एक म्हातारी नर्स वारली होती. तिच्या कपबशा, पुस्तकं आणि ही चकती एका टेबलावर मांडलेली होती. हाताच्या पंज्याएवढी, करड्या-हिरव्या दगडाची, मध्ये गोल भोक, आणि दोन्ही अंगांना ज्वारीच्या दाण्यांसारखे उंचवटे ओळीने कोरलेले. टिपणिसांनी ती उजेडात धरली आणि भोकातून बोट फिरवलं. भोकाच्या आत, मध्यावर, बोटाला एक बारीक पायरी लागली. भोक दोन्ही बाजूंनी पोखरत आणलेलं होतं आणि मध्ये भेटताना किंचित चुकलं होतं. यंत्राने पाडलेलं भोक असं चुकत नाही. कोणीतरी हाताने, वाळू आणि पाणी घालून, दिवसेंदिवस हा दगड कोरला होता.

तेव्हापासून पस्तीस वर्षं ते सांगत होते की चकती दोन हजार वर्षांची असणार. मराठी मंडळात तिचं नाव 'टिपणिसांचा हिरवा मेदूवडा' पडलं होतं. संक्रांतीला, गणपतीत, कोणी ना कोणी विचारायचंच, "काय टिपणीस, मेदूवडा काय म्हणतोय? सांबार मिळालं का?"

चकती राहायची देवघरात. मधुमतीबाई १९७२ साली लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरची पितळी अन्नपूर्णा साडीत गुंडाळून घेऊन आल्या होत्या. तिच्यासाठी त्यांना बैठक हवी होती. चकती ताम्हनात ठेवली, वर अन्नपूर्णा बसवली, तर अभिषेकाचं पाणी मधल्या भोकातून खाली निथळून जायचं आणि देवी कोरडी राहायची. "जशी काही हिच्यासाठीच केलीय," त्या म्हणाल्या होत्या. तेव्हापासून रोज पाणी, आणि दर शुक्रवारी कुंकुमार्चन. एकशे आठ चिमटी कुंकू देवीवर पडायचं, तिथून चकतीवर सांडायचं आणि दाण्यांच्या मधल्या खोबणीत बसायचं.

हे सगळं फेब्रुवारीत एका वाक्यात सांगता आलं असतं.

बर्मिंगहॅमच्या त्या संग्रहालयात 'तुमची वस्तू ओळखून घ्या' असा एक शनिवार होता. माणशी आठ मिनिटं. डॉ. हेलन प्रायर नावाच्या बाईंनी भिंगातून चकती पाहिली, लाल रंगाशी थांबल्या आणि विचारलं, "ही घरी कुठे ठेवता?"

"कपाटात," टिपणीस म्हणाले.

तसं ते खोटं नव्हतं. देवघर स्वयंपाकघरातल्या एका कपाटातच होतं. पण १९६८ साली कारखान्यात एका सोबत्याला त्यांनी घरच्या पूजेबद्दल सांगितलं होतं आणि पुढे महिनाभर सगळा विभाग त्यांना सकाळी विचारत होता, देवांच्या आंघोळी झाल्या का? त्यानंतर त्यांनी कुठल्याही इंग्रज माणसाला देवघर सांगितलं नाही. फेब्रुवारीतही नाही.

बुधवारपासून त्यांनी संग्रहालयाला फोन सुरू केले. आधी एक दाबा, मग तीन दाबा, मग संगीत. बुधवारी पंचवीस मिनिटं संगीत ऐकल्यावर लाइन तुटली. गुरुवारी लागलेल्या मुलाने नाव लिहून घेतलं. शुक्रवारी दुसऱ्याच मुलीने फोन उचलला, तिला आदल्या दिवशीचं काही माहीत नव्हतं.

"लाल रंग धार्मिक आहे," टिपणीस म्हणाले. "माझी पत्नी लावते. दर शुक्रवारी."

"पण सर, इथे नोंद आहे की वस्तू कपाटात असते."

"कपाटात देव आहेत."

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला. मग ती मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "सर, निष्कर्ष बदलायचा तर नवा पुरावा लेखी द्यावा लागतो. तुमचं आत्ताचं म्हणणं हा पुरावा होत नाही."

टिपणिसांना राग आला तो तिचं बरोबर होतं म्हणून. कारखान्यात तेही हेच म्हणाले असते.

रविवारी पुष्कर आला. हा त्यांचा मुलगा, वय तेहतीस, बर्मिंगहॅमला बँकेत. पाडवा तोंडावर आला होता, म्हणून मधुमतीबाई स्वयंपाकघरात देव उजळायला बसल्या होत्या. टिपणिसांनी माळ्यावरून कागदपत्रांची खोकी खाली काढली होती.

"बाबा, लीव्ह इट ना," पुष्कर म्हणाला. "एका बाईनी काय लिहिला, त्याचा एवढा काय?"

"लिहिलं. काय लिहिलं त्याचं एवढं काय."

"तेच."

"ते 'नक्कल' लिहून फाइल करतात. उद्या मी नसेन, फाइल असेल. मी पास केलेली एकच वस्तू परत आली, आणि तीही चुकीच्या कारणाने."

तिसऱ्या खोक्यात तो कागद निघाला. कारखान्याचा तपासणी-तक्ता, घरच्या वापरासाठी मागून आणलेला, तारीख २५ जून १९७२. बाजारातून आणलेली चकती त्यांनी त्याच दिवशी स्वयंपाकाच्या टेबलावर मोजली होती. व्यास आठ ठिकाणी, जाडी आठ ठिकाणी, भोक दोन्ही बाजूंनी, मधली पायरी इंचाचे सात हजारांश. खाली 'स्थिती' या चौकटीत त्यांच्याच टोकदार अक्षरात लिहिलं होतं: एका अंगाला तळहाताएवढा पांढरा, खडूसारखा थर. नखाने भुकटी निघते. थरात विणलेल्या कापडाचा ठसा. खोबणीत तपकिरी माती. रंग कुठेही नाही.

त्याखाली निर्णय: हाताने केलेली, जुनी. आणि कारखान्याच्या नियमाप्रमाणे दोन सह्या. एक तपासणाऱ्याची, एक साक्षीदाराची.

पुष्करने मान लांब करून वाचलं आणि जवळजवळ ओरडला. "बाबा! हे ब्रिलियंट आहे! रंग नाही, नाइन्टीन सेव्हन्टी टू. आणि हा कापडाचा ठसा, म्हणजे डेड बॉडीला कापडात—"

"हळू बोल."

"का?"

टिपणिसांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथून ब्रशचा आवाज येत होता. जुना टूथब्रश, चिंच आणि मीठ. पितळेचे देव आणि त्यांच्याबरोबर चकतीही, दर सणाला. पस्तीस वर्षं.

गेले दोन महिने ते या विषयावरची लायब्ररीतली पुस्तकं वाचत होते, त्यामुळे तक्ता वाचताच त्यांच्यापुढे दोन गोष्टी उभ्या राहिल्या होत्या. जेड कठीण असतो, पण शतकानुशतकं मातीत राहिला की वरचा थर पांढरा आणि मऊ होतो. तोच थर, कापडाच्या ठशासकट, चकती जुनी असल्याचा पुरावा होता. तो पुरावा चिंचेने धुऊन गेला होता. त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. नमस्कार करताना माणूस मूर्तीकडे बघतो, बैठकीकडे बघत नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. अशा चकत्या मृताच्या छातीवर ठेवून पुरत. हे त्यांना फार वर्षांपूर्वीच कळलं होतं, पण घरात त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"हा कागद जाणार नाही," ते पुष्करला म्हणाले.

"बाबा, आर यू मॅड? हाच तर पुरावा!"

"तुला कळत नाही. हा पाठवला की ते विचारणार, तो थर गेला कुठे. मग आईचं नाव येणार."

"मग सांगा की आईनी घासला! ग्रेव्हमधला होता, तिला काय माहीत—"

ब्रशचा आवाज थांबला होता. मधुमतीबाई ओल्या हातांनी दारात उभ्या होत्या.

"कुठलं होतं?" त्यांनी विचारलं.

पुष्करने बापाकडे पाहिलं. बापाने छताकडे.

"अहो, मी विचारतेय. कुठलं होतं ते?"

"थडग्यातलं," टिपणीस म्हणाले. "असेल तर. खात्री नाही."

"खात्री नाही? पस्तीस वर्षं कान किटवलेत, जुनी आहे, जुनी आहे म्हणून. तेव्हा खात्री होती ना?" त्या खुर्चीत बसल्या. "मढ्यावरचं. आणि मी त्यावर अन्नपूर्णा बसवली. माझ्या आईने दिलेली. तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"ऐंशी-एक्क्याऐंशीपासून."

"आणि सांगितलं नाहीत."

"तू देवघरातून काढून टाकली असतीस."

"काढलीच असती! म्हणजे तुमचा मेदूवडा सांभाळायला माझी देवी बसवली होती होय?"

पुष्कर म्हणाला, "आई, टेक्निकली दोन हजार वर्षांनी सुतक फिटत असेल ना—"

"तू गप्प बस. तुझी बँक नाहीये ही."

मग त्यांनी हात पदराला पुसले आणि कागद मागितला. टिपणिसांनी तो दिला. मधुमतीबाईंनी चष्मा नसल्यामुळे हात लांब करून वाचला, सावकाश, शेवटपर्यंत. खाली आल्यावर त्यांचं बोट थांबलं. साक्षीदाराची सही देवनागरीत होती: म. श. टिपणीस.

"हे मीच."

"तूच. दुसरं कोण होतं घरात? मी आकडे बघत होतो, तू टॉर्च धरला होतास."

"आठवतंय," त्या म्हणाल्या. "सही करायला लावलीत, आणि मी म्हटलं, कशाला, तर म्हणालात, एका माणसाचं मोजणं म्हणजे नुसतं मत. लग्नाला सहा महिने झाले होते." त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला. "म्हणजे तो पांढरा थर मी बघितला होता. ठसा पण बघितला. आणि दुसऱ्या दिवशी चिंच घेऊन बसले. मला वाटलं, चुन्याचा राप आहे."

मग त्यांनी कागद उचलून टिपणिसांपुढे धरला.

"पाठवा," त्या म्हणाल्या.

"ते लिहितील की मालकाच्या बायकोने खराब केली."

"केलीच की. खराब केली म्हणून लिहू देत. पण कुंकवाला लबाडी म्हणतात, ते मी फाइलीत राहू देणार नाही. मी कुणाला फसवायला कुंकू वाहिलं?"

गुरुवारी दोघं ट्रेनने बर्मिंगहॅमला गेले. पुष्करने बँकेतून खटपट करून वेळ मिळवून दिली होती. पुन्हा आठच मिनिटं होती, पण डॉ. प्रायर यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. त्यांनी तक्ता दोनदा वाचला. मधुमतीबाईंनी पिशवीतून एक एक वस्तू काढून टेबलावर मांडली: कुंकवाचा करंडा, चिंचेचा गोळा, मिठाची पुडी, दात झिजलेला टूथब्रश आणि शेवटी अन्नपूर्णा. ती त्यांनी चकतीवर बसवून दाखवली, तांब्या नसल्यामुळे कागदी पेल्यातलं पाणी वरून सोडलं आणि खाली बशी धरली. पाणी भोकातून बशीत उतरलं.

"असं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "रोज. पस्तीस वर्षं."

डॉ. प्रायर यांनी कुंकवाची चिमूट भिंगाखाली धरली, मग चकतीची खोबण. "हाच रंग," त्या म्हणाल्या. "मला फेब्रुवारीत हे का सांगितलं नाहीत?"

टिपणिसांनी चष्मा काढून पुसला. मधुमतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही काय सांगितलं होतंत?"

"कपाटात असते म्हणालो."

"लाज वाटली," त्या मराठीत म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो.

डॉ. प्रायर यांना एवढं कळलं असावं की मध्ये पडू नये. थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मिस्टर टिपणीस, इतकी नेटकी नोंद मी कुठल्याही खासगी मालकाकडे पाहिलेली नाही. 'नक्कल' हा शब्द मी काढते. लाल रंगाचं वाक्यही काढते."

"आणि काय लिहिता?"

"तो थर असता, नुसता नखाएवढा, तरी मी 'प्राचीन' लिहिलं असतं. तो नाही. दोन बाजूंनी भोक नकला करणारेही पाडतात. कागद तुमचा, सह्या तुम्हा दोघांच्या. मी लिहू शकते ते 'अनिश्चित'."

"अनिश्चित हा निर्णय नाही," टिपणीस म्हणाले.

"नाही."

"मोजमापं आहेत. साक्षीदार समोर बसलीय."

"तुम्ही माझ्या जागी असता तर काय लिहिलं असतंत?"

टिपणिसांनी तक्ता घडी करून खिशात ठेवला. मधुमतीबाई अन्नपूर्णा रुमालात गुंडाळत होत्या.

परतीच्या ट्रेनमध्ये त्या एकदाच बोलल्या. "अनिश्चित म्हणजे देवाखाली चालते की नाही?"

"मला काय विचारतेस?"

"मग कुणाला विचारू? त्या बाईला?"

नवं पत्र एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. 'अनिश्चित. पृष्ठभाग दीर्घकाळच्या धार्मिक वापराने व स्वच्छतेने नष्ट.' टिपणिसांनी ते जुन्या पत्राला टाचलं.

मधल्या काळात अन्नपूर्णा एका स्टीलच्या झाकणावर बसत होती. झाकणाला काठ होता, त्यामुळे अभिषेकाचं पाणी साठायचं, देवी पाण्यातच बसून राहायची आणि उचलताना पाणी सांडायचं. मधुमतीबाई रोज काही न बोलता ओटा पुसायच्या. टिपणीस ते रोज पाहायचे.

पत्र आल्याच्या संध्याकाळी त्यांनी मायक्रोमीटर काढला आणि चकती टेबलावर ठेवली. कोऱ्या कागदावर जुन्यासारखा तक्ता आखला.

"अगं, टॉर्च धर."

त्या आल्या. टॉर्च धरला. व्यास तोच होता. जाडी ज्या अंगाला थर होता तिथे सहा हजारांशांनी कमी भरली. टिपणिसांनी आकडा लिहिला, आणि मधुमतीबाईंनी तो वाचला. स्थितीच्या चौकटीत टिपणिसांनी लिहिलं: पांढरा थर नाही. माती नाही. खोबणीत कुंकू, पस्तीस वर्षांचं. मग सही करून कागद बायकोपुढे सरकवला.

त्यांनी पेन घेतलं, वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"निर्णयाची जागा रिकामी आहे."

"असू दे."

"रिकाम्या जागेखाली सही करायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत मला. आधी लिहा, मग मी करते."

"काय लिहू? तिने लिहिलंय ना अनिश्चित!"

"तिचं तिने लिहिलं. तुमचं तुम्ही लिहा. आणि विचार करून लिहा, कारण तुम्ही लिहाल तसं मी वागणार आहे."

म्हणजे काय, हे टिपणिसांना कळत होतं. 'नवी' लिहिलं तर चकती उद्या सकाळी देवघरात जाईल आणि ओटा कोरडा राहील. 'जुनी' लिहिलं तर ती पुन्हा देवाखाली येणार नाही. आणि तो कागद घरातल्या फाइलीपलीकडे कुठेही जाणार नव्हता, कोणीही तो मागितलेला नव्हता. ते चिडले. कुणावर, ते त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी चकती उचलली, भोकातून बोट फिरवलं. पायरी होती तिथेच होती.

त्यांनी लिहिलं: जुनी.

मधुमतीबाईंनी सही केली, पूर्वीसारखीच देवनागरीत. मग चकती धुतली नाही, पुसलीही नाही, तशीच जुन्या टॉवेलात गुंडाळून बैठकीच्या खोलीतल्या पुस्तकांच्या फळीवर नेऊन ठेवली. परत आल्या, देवघराकडे पाहून हात जोडले आणि कणीक मळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिपणीस स्टीलचं झाकण गॅरेजमध्ये घेऊन गेले. मधोमध खूण केली, शिकंज्यात पकडलं आणि यंत्राने भोक पाडलं. एका बाजूने, एका दमात. कानशीने कडा घासल्या आणि मोजलं. भोक मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकलं होतं. हे झाकण त्यांनी कारखान्यात पास केलं नसतं. ते थोडा वेळ ते हातात धरून उभे राहिले, मग घरात नेऊन ताम्हनात ठेवलं.